खाली बसवलेल्या सिव्हिकला मागचे अ‍ॅडजस्टेबल आर्म आणि पुढचे कॅम्बर बोल्ट: घरी बसवून, पावसाळाभर वापरून

निकाल आधी सांगते. गाडी खाली बसवलेली असेल आणि मागच्या टायरची आतली कड बाहेरच्या कडेच्या कितीतरी आधी संपत असेल, तर मागचे अ‍ॅडजस्टेबल अप्पर आर्म, म्हणजे चाकाला वरून धरणारे, लांबी बदलता येणारे दांडे, घ्याच. पुढचे कॅम्बर बोल्ट (चाकाचा आत-बाहेर कल बदलणारे) मात्र बहुतेकांनी घेऊ नयेत. मी दोन्ही घेतले, दोन्ही आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः बसवले आणि पुण्याच्या रस्त्यांवर एक अख्खा पावसाळा चालवले. जे पटलं आणि जे खटकलं ते दोन्ही लिहिते.

गाडी २००९ ची होंडा सिव्हिक, १.८ पेट्रोल. आपल्याकडे २००६ ला आली आणि २०१३ ला बंद झाली ती पिढी, वर डिजिटल स्पीडोमीटर आणि खाली टॅकोमीटर असा दुमजली डॅशबोर्ड असलेली. आधीच्या मालकाने लोअरिंग स्प्रिंग टाकून ती मूळ उंचीपेक्षा साधारण तीस मिलिमीटर खाली आणली होती. स्प्रिंग काढून टाका, असं मला बऱ्याच जणांनी सुचवलं. पण ही गाडी वळणात ज्या पद्धतीने रस्ता धरते, त्यासाठीच मी ती घेतली होती. स्प्रिंग तशाच ठेवायच्या आणि चाकांचे कोन दुरुस्त करायचे, असं ठरवलं.

मी भोसरीत एका टूलरूममध्ये इन्स्पेक्शनला आहे. डाय, पंच, गेज तपासण्यात दिवस जातो. टायर एका कडेने खाल्लेला दिसला की कोणाचं मत विचारण्याआधी हात स्केलकडे जातो, आणि हा रिव्ह्यूही त्याच नजरेने लिहिलेला आहे.

आधी गाडीचं समजून घेऊ, कारण त्याशिवाय कुठला पार्ट लागतो ते कळणार नाही. या सिव्हिकला पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेला खांब) आहे आणि मागे डबल विशबोन जातीचं सस्पेन्शन. मागच्या प्रत्येक चाकाला वरून एक छोटा आर्म धरून असतो आणि खालून लांब आर्म. गाडी खाली बसली की हे सगळे आर्म वरच्या बाजूला झुकतात. वरचा आर्म आखूड असल्यामुळे तो चाकाचा वरचा भाग खालच्या भागापेक्षा जास्त आत ओढतो. चाक डोक्याकडून आत कललं की त्याला निगेटिव्ह कॅम्बर म्हणायचं. थोडा कॅम्बर कंपनीच ठेवते, वळणात त्याचा उपयोग होतो. या गाडीला मागे साधारण उणे दीड डिग्री असतो. माझ्या गाडीला डावीकडे उणे २.८ आणि उजवीकडे उणे २.४ निघाला.

हा प्रश्न नुसता हौशी लोकांचा आहे असंही नाही. अमेरिकेत २००६ आणि २००७ च्या सिव्हिकचे मागचे टायर मूळ उंचीवरच आतून झिजत होते. तेव्हा होंडाने तिथल्या डीलरांसाठी सर्व्हिस बुलेटिन काढलं आणि मागचे अप्पर आर्म बदलून दिले. त्या आर्मची लांबी दोन-चार मिलिमीटर इकडची तिकडे झाली तरी टायर त्याचे पैसे मागतो. आपल्याकडच्या कुठल्याही गॅरेजमध्ये विचारा, मूळ आर्मला अ‍ॅडजस्टमेंट म्हणून काही नाहीच. दोन टोकांना बुश (रबर भरलेला गोल जोड) आणि मध्ये दाबलेला पत्रा, बस.

पण शिव्या कॅम्बरला पडतात आणि टायर खातो टो, हे मला सगळ्यात आधी सांगायचं आहे. वरून बघितलं तर चाक सरळ न बघता किंचित आत किंवा बाहेर बघत असेल, तो टो. कॅम्बरमुळे वजन आतल्या कडेवर येतं, आणि टोमुळे ती कड रस्त्यावर आडवी घासते. दोन्ही एकत्र आले की टायर वर्षभर टिकत नाही. माझ्या गाडीचे आकडे घ्या. सोळा इंची रिम कडेपासून कडेपर्यंत सुमारे ४३५ मिलिमीटर भरते. मागे डावं चाक ४ मिलिमीटर आत बघत होतं, उजवं १ मिलिमीटर. गाडी थोडी तिरकी चालून हा फरक वाटून घेते, म्हणजे प्रत्येक चाकाच्या वाट्याला अडीच मिलिमीटर. अडीच भागिले ४३५ करा. दर किलोमीटरला टायर पावणेसहा मीटर आडवा घासला जातो. पुण्याहून नाशिकला जाऊन आलं तर हे आडवं घासणं दोन किलोमीटरच्या वर जातं. टायरच्या आतल्या कडेला तारा दिसायला लागल्या होत्या त्यात नवल नाही.

आमच्या भागातल्या अलाइनमेंटवाल्याकडे गेले तेव्हा त्याने मशिनवर पुढचा टो हिरव्यात आणून दिला, मागचे आकडे लालच राहिले. "ताई, मागचं काही होत नाही, टायर फिरवत राहा," एवढंच म्हणाला. मागच्या कॅम्बरबद्दल त्याचं म्हणणं अगदी खरं होतं. मागच्या टोबद्दल नव्हतं. या गाडीला मागच्या खालच्या आर्मवर कंपनीचाच कॅम बोल्ट (फिरवला की आर्म थोडा सरकवणारा) आहे, त्याने टो होतो. फक्त पंधरा वर्षांचा गंज फोडायची तयारी हवी, आणि रांगेत गाड्या उभ्या असताना कुठलाही दुकानदार त्यात हात घालत नाही. त्याला मी दोष देत नाही. घरी करायचं ठरवलं ते या एका कारणामुळे.

आता पार्ट. मागचे आर्म तैवानी बनावटीचे आहेत, कडक रबरी बुशवाले. याच जातीत बुशऐवजी पिलोबॉल, म्हणजे लोखंडी गोळीचा सांधा असलेले आर्मही मिळतात. ट्रॅकवर ते चांगले. आपल्या धुळीत आणि चिखलात गोळीचा सांधा लवकर ढिला होतो आणि प्रत्येक खड्डा केबिनमध्ये ऐकू येतो. रोजच्या गाडीला रबर घ्या, याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही.

आर्म हातात घेतला की वजन जाणवतं. मूळ आर्मपेक्षा जड आणि जाड आहे. मध्ये षटकोनी नळी, तिच्या एका टोकाला सुलटे आटे आणि दुसऱ्या टोकाला उलटे, दोन्हीकडे चेकनट (लांबी पक्की धरून ठेवणारे नट). त्यामुळे आर्म गाडीवर असतानाच नळी फिरवून लांबी बदलता येते, काढायला लागत नाही. खरेदी करताना हीच गोष्ट सगळ्यात आधी बघा. एकाच टोकाला आटे असलेला स्वस्त आर्म घेतला तर प्रत्येक बारीक बदलासाठी एक टोक सोडवावं लागतं, आणि अशा कामात माणूस कंटाळून "चालेल तेवढं" म्हणतो. मी पिच गेज लावून बघितलं, आटे दीड मिलिमीटरचे आहेत. म्हणजे नळीच्या एका पूर्ण फेऱ्याला लांबी तीन मिलिमीटर बदलते. माझ्या गाडीवर एका फेऱ्याला कॅम्बर अर्ध्या डिग्रीपेक्षा थोडा जास्त हलला. बारीक सेटिंगला हे प्रमाण फार छान आहे.

कामावरचं बोअर गेज लावून बुशच्या आतल्या नळीचं माप घेतलं. चारही बुश एकमेकांशी जुळले आणि बोल्टला हवी तेवढीच सैल बसणी मिळाली. वेल्डिंग एकसारखं, कुठे छिद्र नाही. पावडर कोटिंग मात्र चेकनटच्या बसणीवरही चढवलेलं होतं. रंगावर आवळलेला नट पुढे सैल पडतो, म्हणून तेवढा भाग एमरीने खरवडून उघडा केला. आणखी एक उणीव म्हणजे सोबत टॉर्कचा, म्हणजे कुठला बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचा, कागद नव्हता. एवढे पैसे घेणाऱ्याने एक पान छापायला हरकत नव्हती. गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधले आकडे वापरले.

दोन्ही आर्म बॉक्समधून निघाले तेव्हा एकमेकांपेक्षा वेगळ्या लांबीचे होते. तो दोष म्हणता येणार नाही, पण ते तसेच गाडीवर चढवले तर पहिलं माप कुठल्या कुठे जाईल. जुना आर्म काढला की त्याच्या दोन बोल्टभोकांमधून पिना घालून नवा त्यावर ठेवा, नवा तेवढाच लांब करा, मग पुढचं ठरवा. आर्म लांब करताना एक मर्यादा पाळायची: आट्यांचा निदान व्यासाइतका भाग नळीच्या आत राहिलाच पाहिजे. सोळा मिलिमीटरचा आटा असेल तर सोळा मिलिमीटर आत. टोकाला रंगाचं बोट लावून ठेवलं तर गाडीखाली झोपून कळतं.

आता जागा. पार्किंगची फरशी बघताना सपाट वाटते, पण पाणी वाहून जावं म्हणून तिला उतार दिलेला असतो. गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी घेतली आणि चारही चाकांच्या जागा एका पातळीत आहेत का ते पाहिलं. मागची उजवी जागा बोटभर खाली निघाली. तिथे फरशीचे तुकडे टाकून पातळी केली. हे केलं नाही तर कॅम्बर गेज पार्किंगचा उतार मोजतं. प्रत्येक चाकाखाली दोन गुळगुळीत फरश्या, मध्ये भरपूर ग्रीस. गाडी खाली घेतली की टायर रस्त्याला चिकटून अडून बसत नाही, आपोआप आपल्या जागेवर सरकतो. टाइल्सच्या दुकानात तुटका माल फुकट देतात.

सुरक्षेबद्दल एकच परिच्छेद, पण तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जायचं नाही. घोड्या (जॅक स्टँड) लावायच्या, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओंडके लावायचे, आणि काढलेलं चाक सिलखाली (दाराखालच्या कडेखाली) आडवं सरकवून ठेवायचं. घोडी सरकली तर गाडी चाकावर बसेल, तुमच्यावर नाही. खाली बसवलेल्या गाडीला नेहमीचा ट्रॉली जॅक खाली जातच नाही, म्हणून आधी चाकं लाकडी फळीवर चढवून घ्यायची. टॉर्क रेंच नसेल तर हे काम घरी करू नका. अंदाजाने आवळलेला सस्पेन्शनचा बोल्ट हायवेवर दुसऱ्याच्या जिवाशी खेळतो.

वरचा आर्म काढणं सोपं निघालं. आतल्या टोकाला जागा अडचणीची आहे, रॅचेटला लांब एक्स्टेन्शन लागतं, पण बोल्ट सुटतो. खरी लढाई खालच्या आर्मवरच्या कॅम बोल्टची झाली. ही गाडी काही वर्षं अलिबागला होती आणि खाऱ्या हवेने आपलं काम केलं होतं. नट सुटला, बोल्ट मात्र बुशच्या आतल्या लोखंडी नळीला गंजून एकजीव झालेला. पाना लावला की बोल्टबरोबर नळीही फिरायची आणि रबर पिळून परत जागेवर यायचं. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं, सकाळी परत मारलं, नट उलटा चढवून हातोडीने हळूहळू ठोकला. उजवा निघाला. डावा ग्राइंडरने कापावा लागला. म्हणून आर्म मागवतानाच दोन नवे कॅम बोल्ट, त्यांचे वॉशर आणि नट मागवून ठेवा. समुद्रकिनाऱ्याच्या गाडीला बुशही हाताशी असू दे. नव्या बोल्टला बसवताना अँटी-सीझ ग्रीस लावली, म्हणजे पुढच्या वेळी ज्याचे हात लागतील त्याला त्रास नको.

आता ज्याकडे घाईत सगळ्यांचं दुर्लक्ष होतं ते. रबरी बुशचा बोल्ट चाक लोंबकळत असताना आवळायचा नाही. बुशमधलं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं, ते फिरत नाही, पिळतं. लोंबत्या स्थितीत आवळलं की गाडी खाली आल्याबरोबर ते कायमचं पिळलेलं राहतं, आणि काही महिन्यांत फाटतं. आर्म नुसता बोटाने बसवायचा, मग नकलखाली (चाकाचा हब धरणाऱ्या लोखंडी भागाखाली) जॅक लावून चाक इतकं वर घ्यायचं की गाडी घोडीवरून सुटते की काय असं वाटावं, आणि मगच टॉर्क द्यायचा. मी तर गाडी लाकडी ओंडक्यांवर चारही चाकांवर उभी केली आणि खाली सरपटत जाऊन शेवटचा टॉर्क दिला. अंग मळतं, पण बुश वाचतो. नव्या आर्मचे बुश दोन महिन्यांत गेले, कंपनी भंगार आहे, असं ज्यांच्याकडून ऐकते त्यांना माझा पहिला प्रश्न हाच असतो: आवळलं कसं होतं?

मोजमापासाठी महागडं काही लागलं नाही. कॅम्बरला डिजिटल अँगल गेज आणि रिमच्या वरच्या-खालच्या कडेला टेकेल अशी एक सरळ अ‍ॅल्युमिनियमची पट्टी. गेज आधी पातळी केलेल्या जागेवर शून्य करून घ्यायचं. ते पटत नसेल तर ओळंबा सोडा. ४३५ मिलिमीटरच्या उंचीत एक डिग्री म्हणजे साडेसात मिलिमीटर, स्केलने सहज वाचता येतं. मी दोन्ही पद्धतींनी ताडून पाहिलं, फरक गेजच्या चुकीच्या आत होता.

टोला तंगूस, म्हणजे मासेमारीची नायलॉनची दोरी. दोन पीव्हीसी पाइप, दोन्हींवर हुबेहूब सारख्या अंतरावर खाचा, एक पाइप बंपरच्या पुढे आणि एक डिकीच्या मागे, आणि दोन्ही बाजूंनी तंगूस ताणून बांधलेली, चाकाच्या मध्याच्या उंचीवर. मग पाइप सरकवत राहायचे, जोवर पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यापासून तंगुसाचं अंतर सारखं येत नाही आणि मागच्या दोन्ही चाकांचंही. पुढचं अंतर आणि मागचं अंतर एकमेकांशी जुळणार नाही, कारण पुढच्या आणि मागच्या चाकांमधली रुंदी सारखी नसते. त्याने गोंधळायचं नाही, डावं-उजवं जुळलं की झालं. आता तंगूस गाडीच्या मध्यरेषेला समांतर आहे. रिमच्या पुढच्या कडेपासून तंगुसापर्यंत आणि मागच्या कडेपासून तंगुसापर्यंत मोजा. पुढचं अंतर जास्त असेल तर चाक आत बघतं. भाचा दुसऱ्या बाजूला बसून मापं सांगत होता. त्याला मी एकच बजावलं होतं, स्केल तंगुसाला लागू द्यायचा नाही. स्केलचा हलका धक्का लागला तरी अर्धा मिलिमीटर जातो, आणि आपण भांडतो आहोत ते नेमकं अर्ध्या-एक मिलिमीटरसाठी.

क्रम चुकवू नका. आधी मागचा कॅम्बर, मग मागचा टो, आणि सगळ्यात शेवटी पुढचा टो. वरचा आर्म लांब केला की मागचा टोही हलतो, म्हणून टो आधी लावला तर ती मेहनत फुकट जाते. आणि मागची चाकं कुठे बघतात यावर गाडी सरळ चालताना स्टिअरिंग कसं दिसतं ते ठरतं. अनेकजण वाकडं स्टिअरिंग पुढच्या टाय रॉडने सरळ करत बसतात, दुखणं मागे असतं.

चेकनट आवळताना नळी त्याच्याबरोबर फिरते आणि बुशला पीळ पडतो. एक पाना नळीवर, एक पाना नटवर, आणि आर्मची दोन्ही टोकं एका पातळीत आहेत ना ते डोळ्यांनी बघत आवळायचं. आवळून झाल्यावर परत मोजायचं. माझं डावीकडचं माप या आवळण्यातच दोन दशांश डिग्रीने सरकलं होतं, परत सोडून बसवलं. शेवटी मागे दोन्हीकडे उणे १.५ च्या आसपास, दोन्हींत एक दशांशापेक्षा कमी फरक, आणि टो प्रत्येक बाजूला एक मिलिमीटर आत. पावणेसहा मीटरवरून आडवं घासणं सव्वादोन मीटरवर आलं. नंतर चाकणजवळच्या एका दुकानात थ्रीडी मशिनवर नुसतं माप घेऊन पाहिलं. तंगुसाचे आणि मशिनचे आकडे जुळले, आणि मागच्या चाकांचे सगळे चौकोन हिरवे बघून तिथल्या पोराने मला विचारलं, कुठे करून घेतलं?

चालवताना काय फरक पडला? साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढाला, मोठ्या वळणात मधेच रस्त्याचा जोड आला की आधी मागचा भाग एकदा डुलायचा आणि हातांना छोटी दुरुस्ती करावी लागायची. आता गाडी एका ओळीत वळते. मागचा कॅम्बर कमी झाल्यामुळे मागची पकड अगदी थोडी सुटी वाटते, गाडी वळणात नाक लवकर आत घेते. मला हे फार आवडलं, पण पावसात नवख्याच्या हाती देताना सांगून द्यावं. ब्रेक मारताना आधी जी एका बाजूला ओढ होती ती गेली. आवाज थोडा वाढला. कडक रबरामुळे तुटक्या डांबराच्या कडेवरून चाक उतरलं की मागून ठक असा आवाज येतो, मूळ बुशवर तो येत नव्हता. नाव ठेवण्याइतका नाही.

टायरची आतली कड आणि बाहेरची कड मी ट्रेड डेप्थ गेजने मोजत राहिले. पावसाळा संपताना नव्या टायरवर दोन्ही कडांतला फरक अर्ध्या मिलिमीटरच्याही आत आहे. माझ्यासाठी या पार्टचा रिव्ह्यू म्हणजे हा आकडा आहे.

आता पुढचे कॅम्बर बोल्ट, आणि इथे माझी नाराजी आहे. स्ट्रट जिथे नकलला दोन बोल्टांनी धरलेला असतो, त्यातला एक काढून त्याच्या जागी बारीक अंगाचा, एका बाजूला फुगीर कॅम असलेला बोल्ट घालायचा. तो फिरवला की नकल स्ट्रटच्या संदर्भात कलतो. कल्पना चांगली आहे, होंडाच्या स्वतःच्या मॅन्युअलमध्येही बारीक बोल्ट घालून पुढचा कॅम्बर सुधारायची सोय दिलेली आहे. माझ्याकडे पुढे डावीकडे उणे १.३ आणि उजवीकडे उणे ०.७ होता, ते दोन्हीकडे उणे १ करायचं होतं. बसवणं अर्ध्या तासाचं काम. पण बारीक बोल्टला मूळ बोल्टइतका टॉर्क देता येत नाही, आणि सांध्याची सगळी पकड त्या आवळण्याच्या दाबावर असते. गणपतीच्या आसपास नाशिक फाट्याजवळच्या एका पाण्याने भरलेल्या खड्ड्यात उजवं चाक आदळलं आणि स्टिअरिंग किंचित वाकडं झालं. बोल्टच्या डोक्यावर आणि स्ट्रटवर मिळून रंगाची एक रेघ ओढून ठेवली होती, ती तुटलेली दिसली. बोल्ट सरकला होता. पुढच्या चाकाचा कॅम्बर हलला की टोही हलतो, म्हणजे परत सगळं मोजणं आलं.

सांधा साफ करून, तेलाचा अंश पुसून, नवा नट लावून परत बसवला आणि तेव्हापासून रेघ अखंड आहे. तरीही माझं मत असं की पुढे उणे एक-सव्वा डिग्री असेल आणि टो बरोबर असेल, तर टायर काही वाईट खात नाही, त्यासाठी हा धोका घेऊ नये. मूळ बोल्टांच्या भोकातच थोडी मोकळीक असते. दोन्ही नट ढिले करून, कोणालातरी चाकाचा वरचा भाग बाहेर ओढून धरायला सांगून आवळलं तर दोन-तीन दशांश डिग्री अशीच मिळून जाते, तीही मूळ बोल्टच्या पूर्ण टॉर्कवर. आधी हे करून बघा. अपघातात नकल किंवा सबफ्रेम सरकलेल्या गाडीला डावा-उजवा फरक जास्त असेल, तर बोल्टला अर्थ आहे, आणि मग रंगाची रेघ ओढल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.

खर्चाचं. मागच्या आर्मची जोडी कस्टम ड्युटीसकट एकवीस हजारांच्या घरात पडली. कॅम बोल्ट, नट, बुश वेगळे. महाग आहे, मान्य. पण चांगल्या कंपनीचे सोळा इंची चार टायर याहून जास्त घेतात, आणि आधीच्या वेगाने ते मला दरवर्षी घ्यावे लागले असते. गाडी वर्षाला तीन-चार हजार किलोमीटरच चालत असेल, तर हा हिशेब बसत नाही. अशा गाडीच्या मालकाने फक्त मागचा टो कॅम बोल्टने बरोबर करून घ्यावा. कॅम्बर जास्त राहिला तरी टो नीट असेल तर झीज पुष्कळ कमी होते, आणि त्याला फक्त दोन बोल्टांचे पैसे आणि एका रविवारची मेहनत लागते.

पोलो, स्विफ्ट, आय-ट्वेंटी अशा गाड्यांच्या मालकांनी हे आर्म शोधू नयेत. त्यांना मागे टॉर्शन बीम असतो, वरचा आर्मच नसतो. त्या गाड्यांना हब आणि बीमच्या मध्ये बसणाऱ्या तिरप्या शिम लागतात, ते काम वेगळं.

कायद्याचंही बघून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करायला मर्यादा आहेत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलाला मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. गाडी खाली बसवण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी दोघांकडे विचारणा करा, क्लेमच्या वेळी नाही. आणि उंचीबद्दल: इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा. असा असेल तर माझी गाडी न घासता जाते. गल्लीत रात्रीतून उभे राहिलेले ब्रेकर या मापाचे नसतात, तिथे मी तिरकी घेते, एकेक चाक.

बसवल्यावर पाचशे किलोमीटरने प्रत्येक नट परत तपासला, मागचे दोन चेकनट किंचित घेतले, बाकी जागेवर होते. आता दर सर्व्हिसला रंगाच्या रेघा बघते, आट्यांवर ब्रशने ग्रीस मारते, आणि पावसाळ्याआधी चेकनटवर रबरी टोपी ओढते. ती टोपी आर्मसोबत येत नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा आणि दोन केबल टाय पुरतात.